रूल ५ ड्राफ्ट: दुसऱ्या टीमने उघड्यावर सोडलेला पोरगा कसा जोखायचा

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा आला की आमच्या घरात एकच बोलणं असतं, फराळाचे डबे अजून धुवायचे पडलेत आणि ह्या माणसाच्या लॅपटॉपवर मात्र कुणाकुणाच्या नावांच्या याद्या उघड्या आहेत. खरंय ते. न्यू जर्सीत राहायला आल्यापासून बेसबॉलचं वेड लागलं, आणि त्यातही मला वर्ल्ड सिरीजपेक्षा (म्हणजे फायनलपेक्षा) ह्या रूल ५ ड्राफ्टचीच जास्त मजा येते. बऱ्याच जणांनी विचारलं की तू ती यादी करतोस कशी, म्हणून आज सगळं एकदाच लिहून टाकतो, लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगच्या, प्रत्येक टीमची ४० जणांची एक यादी असते, फॉर्टी-मॅन रोस्टर. आयपीएलच्या रिटेन्शनसारखंच समजा, यादीत नाव आहे म्हणजे पोरगा सुरक्षित. मायनर लीगमध्ये (मेजरच्या खालच्या पायऱ्या: रूकी, मग हाय-ए, डबल-ए, सगळ्यात वर ट्रिपल-ए) ठरावीक वर्षं काढूनही ज्याला यादीत घेतलं नाही त्याला डिसेंबरमध्ये विंटर मीटिंग्जच्या (सगळ्या टीमच्या वार्षिक बैठकांच्या) शेवटी कुठलीही दुसरी टीम १ लाख डॉलर देऊन उचलू शकते. मेख पुढे आहे. उचललेला पोरगा पुढचा अख्खा सीझन २६ जणांच्या मेन टीममध्येच ठेवायचा, मायनरला पाठवता येत नाही. नकोसा झाला तर आधी वेव्हर्सवर टाकायचा, म्हणजे बाकीच्या टीमना विचारायचं कुणाला हवाय का (जो घेईल त्याच्या गळ्यात हीच अट), आणि कुणीच हात वर केला नाही तर जुन्या टीमला ५० हजारात परत देऊ करायचा.

आता मुद्दा, जो मला समजायला तीन-चार वर्षं लागली. ह्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात टॅलेंटेड पोरगा शोधायचा नसतो. एक रिकामी खुर्ची असते आणि त्या खुर्चीवर एप्रिल ते सप्टेंबर न पडता बसू शकेल असा माणूस शोधायचा असतो. खालचं सगळं त्या खुर्चीभोवतीच फिरतं.

आधी यादी: कोण उपलब्ध आहे

नियम सोपा आहे पण लोक इथेच चुकतात. साइन करताना १८ किंवा कमी वय असेल तर पाच सीझन, १९ किंवा जास्त असेल तर चार. वय धरायचं ते साइन करण्याआधीच्या ५ जूनचं. म्हणजे डिसेंबर २०२५ च्या ड्राफ्टला शाळेतून २०२१ ला आलेली पोरं, त्याच वर्षी डॉमिनिकन-व्हेनेझुएलातून साइन झालेली पोरं, आणि कॉलेजमधून २०२२ ला आलेले नव्याने पात्र झाले. त्यानंतरच्या प्रत्येक ड्राफ्टला दोन्हीकडे एकेक वर्ष मिळवत जायचं. गंमत अशी की शाळेतून आलेला पण ५ जूनला १९ पूर्ण झालेला पोरगा एक वर्ष आधीच उघडा पडतो, तेव्हा जन्मतारीख बघितल्याशिवाय नाव खोडू नका. आणि आधीच्या वर्षांचे राहिलेले विसरू नका, मागच्या वर्षी कुणी घेतला नाही म्हणजे या वर्षी तो तसाच आहे असं नसतं, मधल्या काळात पिचरने (बॉल टाकणाऱ्याने) नवीन बॉल शिकलेला असतो.

नोव्हेंबरच्या मध्यात प्रोटेक्ट करायची शेवटची तारीख असते. ती उलटली की प्रत्येक टीमची यादी उघडून उरलेली नावं एका शीटमध्ये टाका. शेकडो निघतील. घाबरू नका, त्यातले मेजर लीगच्या राउंडमध्ये उचलले जाणारे हल्ली वर्षाला दहा-पंधराच असतात.

मग प्रत्येक नावापुढे एक कॉलम: सोडला का?

माझ्या शीटमधला हा सगळ्यात कामाचा कॉलम आहे. घरातल्या माणसांनी पोरगा रोज बघितलाय, त्याचा सगळा डेटा त्यांच्याकडे आहे, तरी सोडला, तर काहीतरी कारण असणारच. कारणं ढोबळ दोन. एक, घरात जागाच नाही. दोन, पोरामध्ये खोट आहे. पहिल्या प्रकारातले हवेत.

रायन नोडाचं बघा. डॉजर्सचा फर्स्ट बेसमन, ट्रिपल-एला भरपूर वॉक (चार बाहेरचे बॉल सोडून फुकट पहिला बेस) घेत होता, पॉवर होती, पण वर फ्रेडी फ्रीमन बसलेला, तिथे हा कुठे मावणार. डिसेंबर २०२२ मध्ये ओकलंड ए'जनी उचलला आणि २०२३ ला त्याने १६ होमरन मारले, अ‍ॅव्हरेज (हिट मारायचं प्रमाण) .२२९ पण ऑन-बेस (वॉक धरून बेसवर पोहोचायचं प्रमाण) .३६४. पुढच्या वर्षी तो घसरला हेही खरं, पण १ लाखात एक वर्षाचा रेग्युलर फर्स्ट बेसमन मिळाला ना. डॉजर्स, यांकीज, रेज, गार्डियन्स ह्यांच्याकडे कायम गर्दी असते, त्यांच्या उरलेल्यांवर जास्त वेळ घालवा. याउलट शंभर मॅच हरलेल्या टीमलाच ४० जणांत जागा सापडली नसेल तर आधी संशय घ्या, मग व्हिडिओ बघा.

खुर्ची मोजा

पोरगा बघायच्या आधी घेणारी टीम बघा. २६ जणांत जास्तीत जास्त १३ पिचर. पाच स्टार्टर (पाळीपाळीने मॅच सुरू करणारे, ह्या पाळीलाच रोटेशन म्हणतात) धरले तर बुलपेनमध्ये (मॅचमध्ये मधूनच आणायच्या पिचरमध्ये) आठ. उरलेल्या १३ बॅटरपैकी नऊ रोज खेळणारे, बाकी चार बेंचवर, त्यातला एक बॅकअप कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) ठरलेला. म्हणजे खऱ्या रिकाम्या खुर्च्या कुठल्या? बुलपेनची शेवटची, जिथे टीम सहा रनने मागे असताना बॉलिंग करायची असते, आणि बेंचवरच्या एक किंवा फार तर दोन. शिवाय ड्राफ्टच्या दिवशी ४० मध्ये जागा मोकळी लागते, ती नसेल तर ती टीम ड्राफ्टमध्ये नाहीच, तिचा विचार सोडा.

१ लाख हा आकडा फसवा आहे. २०२५ ला मेजर लीगचा किमान पगारच ७ लाख ६० हजार डॉलर होता, १ लाख म्हणजे चिल्लर. खरी किंमत ती खुर्ची. बुलपेनमधल्या बाकीची पोरं थकली की टीम त्यांना ट्रिपल-एला पाठवून ताजा पिचर बोलावते, ह्याला पाठवता येत नाही, त्यामुळे सगळं बुलपेन आखडतं. प्लेऑफला जाणारी टीम हे सहन करत नाही, तळातली करते. २०१७ चे पाद्रेज तर तीन-तीन घेऊन बसले होते: अॅलन कॉर्डोबा, लुईस टॉरेन्स, मिगेल डियाझ. कॉर्डोबा त्याआधी रूकी लीगच्या वर कधी खेळलाच नव्हता, त्याला १०० मॅच खेळवलं, अ‍ॅव्हरेज .२०८. टॉरेन्स .१६३. टीम ९१ मॅच हरली. तुमची टीम असं वर्ष सोसू शकते का हे आधी विचारा.

पिचर: इथेच अर्ध्याहून जास्त वेळ घाला

पिचर लपवता येतो, बॅटर लपवता येत नाही, इतकं साधं आहे. त्यामुळे टिकणारे बहुतेक पिचरच असतात.

मी पहिल्यांदा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरने दिलेले रन, कमी तितका चांगला) बघतच नाही. ब्रॅड केलर २०१७ ला डबल-एमध्ये ४.६८ च्या ईआरएने खेळला होता, डायमंडबॅक्सनी सोडला, रेड्सनी उचलून रॉयल्सला दिला, आणि २०१८ ला त्याच पोराने मेजर लीगमध्ये १४० इनिंग टाकल्या, ईआरए ३.०८. सुरुवात बुलपेनमधून केली होती, मेच्या शेवटी रोटेशनमध्ये आला. ईआरएवर गेला असतात तर नाव पहिल्याच फेरीत कटलं असतं.

मग बघायचं काय? क्रमाने सांगतो.

एक, आज, या क्षणी, मेजर लीगच्या बॅटरला चुकवेल असा एक तरी बॉल आहे का. पुढच्या वर्षी येईल असा नको, आत्ता हवा. स्लायडर असो, कटर असो, वर चढल्यासारखा वाटणारा फास्टबॉल असो. त्या एका बॉलवर बॅटर किती वेळा हवेत बॅट फिरवतोय हा आकडा सगळ्यात आधी काढा.

दोन, स्ट्राइक (बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीतला, म्हणजे स्ट्राइक झोनमधला बॉल) टाकतो का. स्ट्राइकआउटच्या (तीन स्ट्राइकवर बाद) टक्क्यातून वॉकचा टक्का वजा करा. मेजर लीगची सरासरी १४ च्या आसपास असते, मी डबल-ए किंवा ट्रिपल-एला १८ च्या खालच्याला सहसा यादीत वर नेत नाही. ९९ मैलाने टाकणारा पण दर इनिंगला वॉक देणारा पोरगा यूट्यूबवर फार भारी दिसतो, आणि मार्चमध्ये हमखास परत जातो. एका वर्षी मी असाच एक डावखुरा यादीत एक नंबरला ठेवला होता, मित्रांना छातीठोक सांगितलं होतं, गडी स्प्रिंग ट्रेनिंगसुद्धा (सीझनआधीचा सराव) पूर्ण करू शकला नाही. अजून चिडवतात.

तीन, स्टार्टर असेल तर तो एका इनिंगसाठी आला की काय होईल. पाच-सहा इनिंग पुरवून टाकणारा माणूस एका इनिंगला जोर लावतो तेव्हा मैल-दोन मैल स्पीड वाढू शकतं, आणि त्याचा तिसरा-चौथा कच्चा बॉल त्याला टाकावाच लागत नाही. जस्टिन स्लेटन (रेंजर्सकडून, मेट्समार्गे रेड सॉक्सकडे) आणि रायन फर्नांडेझ (रेड सॉक्सकडून कार्डिनल्सकडे) हे दोघंही डिसेंबर २०२३ चे, दोघंही बुलपेनचेच, दोघंही २०२४ भर टिकले. त्याच ड्राफ्टचा पहिला पिक मिच स्पेन्स. हा मुळात स्टार्टर, ए'जनी आधी बुलपेनमध्ये बसवला आणि मे महिन्यात रोटेशनमध्ये टाकला. वर्षभर इनिंग खाणारा खांदा हीसुद्धा एक गुणवत्ता आहे, हरणाऱ्या टीमला ती फार लागते.

शेन स्मिथचं उदाहरण तर आता सगळेच देतात. ब्रूअर्सनी २०२१ ला त्याला ड्राफ्टमध्ये कुणी न घेतल्यावर साइन केलं, डिसेंबर २०२४ ला व्हाइट सॉक्सनी पहिल्या नंबरवर उचलला, थेट रोटेशनमध्ये टाकला आणि २०२५ ला पोरगा ऑल-स्टार. पण असं धरून चालू नका हां. रोटेशनची खुर्ची मोकळी असणारी टीम लागते, आणि व्हाइट सॉक्स २०२४ ला १२१ मॅच हरले होते.

बॅटर: कडक रहा

बॅटरसाठी माझे नियम कडक आहेत. डबल-एच्या खाली खेळलेला असेल तर जवळजवळ नाहीच. अकील बडू हा अपवाद सगळे तोंडावर मारतात: ट्विन्सचा पोरगा, हाय-एच्या वर गेलेला नाही, टायगर्सनी डिसेंबर २०२० ला घेतला आणि ४ एप्रिल २०२१ ला मेजर लीगमधल्या पहिल्याच बॉलला होमरन, दुसऱ्या दिवशी ट्विन्सविरुद्धच ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन). त्या वर्षी १३ होमरन, १८ स्टील (पळून चोरलेले बेस). लोक इथे गोष्ट थांबवतात. २०२२ ला त्याचं अ‍ॅव्हरेज .२०४ झालं. पिचरना त्याचा अभ्यास करायला एक वर्ष लागलं इतकंच.

तर बघायचं असं. स्ट्राइक झोनमधल्या बॉलला बॅट लागते का, हे पहिलं. झोनबाहेरच्या बॉलमागे किती धावतो, हे दुसरं, मेजर लीगमध्ये हे साधारण २८-३० टक्के असतं, मायनरला जो आधीच ३५ टक्के धावतोय त्याला वरचे स्लायडर खाऊन टाकतील. तिसरं, सगळ्यात जोरात मारलेल्या दहा टक्के फटक्यांचा स्पीड, १०५ मैलाच्या आसपास असेल तर ताकद खरी. नुसते होमरन मोजू नका, कारण ते कुठल्या ग्राउंडवर मारलेत त्यावर फार आहे, त्याचं पुढे बोलतो.

आणि त्याच्या उजव्या-डाव्या हाताचे आकडे वेगवेगळे काढा. बेंचवरच्या माणसाला आठवड्यातून दोनदा, त्याला सोपा जाणारा पिचर बघूनच खेळवणार. एकूण आकडे साधारण पण डावखुऱ्या पिचरला धुणारा पोरगा असेल तर ती खुर्ची त्याचीच.

नुसते हात-पाय

बॅट शून्य पण शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) झकास आणि पाय घोड्यासारखे, असाही एक प्रकार बसतो. नसीम नुन्येज, मार्लिन्सकडून नॅशनल्सकडे, २०२४ चा पूर्ण सीझन टीममध्ये राहिला आणि खेळला ५१ मॅच, बऱ्याचदा शेवटच्या इनिंगला कुणाच्या तरी जागी पळायला. ह्यात पोराचं एक वर्ष वाया जातं का? थोडं जातंच, त्या वयात रोज चार वेळा बॅटिंगला जायला पाहिजे. पण टीमला शॉर्टस्टॉप कायमचा मिळतो, पुढच्या वर्षी अट संपली की खुशाल मायनरला पाठवा. कॅचरचंही तसंच, मात्र कॅचरला पिचर सांभाळायचे असतात आणि वीस-एकवीस वर्षांच्या पोराकडून ते होत नाही. वयाने मोठा, स्ट्राइक झोन ओळखणारा कॅचर बघा, टायगर्सकडून मार्लिन्सकडे गेलेला लियम हिक्स त्या साच्यातला.

दुखापतीवाले: बाजारातलं खरं सोनं

गॅरेट व्हिटलॉक. यांकीजने १८ व्या राउंडला घेतलेला, जुलै २०१९ ला कोपराचं ऑपरेशन, टॉमी जॉन. २०२० ला कोविडमुळे मायनर लीगच झाली नाही, त्यामुळे कुणी त्याला मॅचमध्ये बघितलंच नाही, यांकीजने प्रोटेक्ट केला नाही, आणि कुणी उचलावा तर रेड सॉक्सने. २०२१ ला ७३ इनिंग, ईआरए १.९६. बडूचंही २०१९ ला तेच ऑपरेशन झालं होतं. कारण उघड आहे, वर्षभर न खेळलेल्या पोराचे आकडे जुने असतात, त्यामुळे भाव पडलेला असतो.

पण इथे एक अट नीट समजून घ्या. पूर्ण वर्ष इंजर्ड लिस्टवर बसवून सुटता येत नाही, किमान ९० दिवस तो अॅक्टिव्ह असावा लागतो, नाहीतर उरलेली अट पुढच्या सीझनला लागू. अँथनी सँटँडरचं हेच झालं. ओरिओल्सनी डिसेंबर २०१६ ला इंडियन्सकडून (आताचे गार्डियन्स) घेतला, २०१७ चा बहुतेक सीझन दुखापतीमुळे बाहेर, मग २०१८ च्या सुरुवातीलाही टीममध्ये ठेवून दिवस भरावे लागले. पुढे २०२४ ला त्याने ४४ होमरन मारले, म्हणजे थांबल्याचं फळ मिळालं, पण थांबायची तयारी होती. म्हणून ऑपरेशनची तारीख लिहा, त्यात १४-१५ महिने मिळवा, मे-जूनच्या आत येणार असेल तर ठीक.

आकडे कुठे फसवतात

पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्की, रेनो, लास व्हेगास अशी उंचावरची कोरडी ग्राउंड आहेत, बॉल उडतच जातो. तिथला बॅटरचा आकडा मनातल्या मनात खाली आणा आणि पिचरचा ईआरए माफ करा. दुसरं, ट्रिपल-एला २०२३ पासून सगळीकडे रोबो-अंपायर (मशीनने स्ट्राइक ठरवणं) किंवा चॅलेंज सिस्टीम (अंपायरचा निर्णय मशीनकडून तपासून घेणं) आली आणि वॉक वाढले, तेव्हा त्या वर्षांतल्या पिचरला वॉकसाठी एकदम फासावर देऊ नका, आणि बॅटरला वॉकसाठी एकदम डोक्यावर घेऊ नका. तिसरं, त्याच लेव्हलवर दुसऱ्यांदा खेळतोय का, २५ वर्षांचा माणूस १९-२० च्या पोरांना धुतोय का. चौथीतला पोरगा पुन्हा चौथीत बसला तर पहिला येणारच.

स्टॅटकास्टचा (कॅमेऱ्यांनी मोजलेला बॉल आणि फटक्यांचा) डेटा फुकट मिळतो तो ट्रिपल-ए आणि फ्लोरिडा स्टेट लीगचा, बेसबॉल सॅव्हंट ह्या वेबसाइटवर. डबल-एचा बाहेरच्यांना मिळत नाही, आणि नेमके आपले बरेचसे गडी डबल-एलाच असतात. मग काय, डोळे.

जाऊन बघा

आम्ही ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात जातो, कँटीनमध्ये डोसा खातो, आणि तिथून थोड्याच अंतरावर सॉमरसेट पेट्रियट्सचं ग्राउंड, यांकीजची डबल-ए टीम. दर्शन आणि स्काउटिंग एका फेरीत. होम प्लेटच्या मागे थोडी बाजूला सीट घ्या, तिथून बॉल किती वळतो ते दिसतं.

पिचर आला की त्याच्या पहिल्या इनिंगपेक्षा वॉक दिल्यानंतरचा पुढचा बॅटर बघा. बेसवर माणूस असताना स्पीड पडतं का, हात थोडा खाली येतो का, स्लायडर टाकताना ग्लव्ह वेगळा उघडतो का. ही शेवटची सवय वर एका आठवड्यात पकडली जाते. बॅटर बघताना त्याने न मारलेले बॉल मोजा. आणि जो त्या दिवशी खेळत नाहीये तो डगआउटमध्ये काय करतोय ते बघा, हसू नका, कारण पुढचं वर्ष त्याला बेंचवरच काढायचंय. ग्राउंड लांब असेल तर सीझन संपल्यावर अ‍ॅरिझोना फॉल लीग आणि डॉमिनिकन विंटर लीग बघा, शेवटच्या काही आठवड्यांत स्काउट तिथेच ठाण मांडून असतात.

शेवटची यादी आणि त्यानंतर

शीट गाळून वीस नावांवर आणा, प्रत्येकापुढे खुर्चीचं नाव लिहा: शेवटचा बुलपेन, लांब इनिंगवाला, पळणारा, बॅकअप कॅचर. ज्याच्यापुढे खुर्ची लिहिता येत नाही तो कितीही आवडता असला तरी खोडा. मग टीमच्या क्रमाने, म्हणजे तळातली टीम आधी, जोडत जा.

पोरगा फारच आवडला पण जागा होत नसेल तर एक पळवाट असते. मार्चच्या शेवटी पोरगा वेव्हर्सवर टाकायचा, आणि कुणीच हात वर केला नाही तर त्याला उचललेली टीम जुन्या टीमला दुसरा एखादा खेळाडू देऊन ह्याचा पूर्ण हक्क विकत घेते, की झालं, अट सुटली, खुशाल ट्रिपल-एला पाठवा. म्हणून ड्राफ्ट झाला की शीट बंद करू नका, मार्चमधल्या वेव्हर्सवर डोळा ठेवा. माइक व्हेसिल असाच, मेट्सचा पोरगा, फिलीजने उचलून रेजला दिला, रेजने मार्च २०२५ ला वेव्हर्सवर टाकला, व्हाइट सॉक्सने तिथून घेतला आणि वर्षभर ठेवला.

आणि परत द्यायला निघालेला पोरगा संपला असं समजू नका. शेन व्हिक्टोरिनो दोनदा ह्या ड्राफ्टमध्ये गेला. पहिल्यांदा २००२ ला पाद्रेजने घेऊन डॉजर्सना परत केला. २००४ ला फिलीजने घेतला, त्यांनाही स्प्रिंगमध्ये जागा नव्हती, परत द्यायला गेले तर डॉजर्स म्हणाले नको, ठेवा तुम्हीच. फिलीजने ट्रिपल-एला स्क्रँटनला पाठवला, तिथे २००५ ला तो इंटरनॅशनल लीगचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला, आणि २००८ ला फिलीजने वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा सेंटर फील्डला तोच उभा होता.